तात्पर्य तेवढं खिशात राहू द्या

मित्रहो, आजच्या विषयात, म्हणजे बायबलमधल्या गोष्टी मजेत सांगण्यात, श्रद्धा आणि मजा शेजारीशेजारी बसली आहेत, आणि ते काही मंडळींना खटकलं आहे, असं मला इथे येण्याआधीच कळलं. खटकणं मी समजू शकतो. पाप, क्षमा, क्रूस, मरण, पुनरुत्थान या गोष्टी हसण्यावारी न्यायच्या नाहीतच. पण येशूच्या विरोधकांची त्याच्याबद्दलची तक्रार काय होती, ते आठवून पाहा. खादाड, दारूबाज, जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र! मत्तयानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, अकराव्या अध्यायात ही शिवी येशू स्वतःच ऐकवतो. त्याच्यावर नाना आरोप झाले, पण हा माणूस रटाळ बोलतो असं कुणी म्हटल्याची नोंद नाही. माणसं बायकापोरांसकट आडरानात त्याचं ऐकत बसायची, संध्याकाळ व्हायची, आणि मग शिष्यांच्या लक्षात यायचं की अरे, यांच्या जेवणाचं काय! दुसरा चरित्रकार मार्क तर लिहितो की दाखल्यावाचून, म्हणजे बोधकथेवाचून, तो लोकांशी बोलतच नसे.

मी काही धर्मशास्त्राचा पंडित नाही. बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना गोष्टी सांगत आलो, आणि अधूनमधून मोठ्यांनाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: गोष्टीतली गंमत म्हणजे धर्मशिक्षणाची कडू गोळी गिळवायला वरून लावलेली साखर, असं आपण समजतो, आणि तिथेच सगळं बिघडतं. या गोष्टींमधून गंमत काढून घेतली की त्यांतलं शिक्षणही हातून निसटतं. उगाच हवेत बोलत नाही, उदाहरणंच घेऊ.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? त्यावर येशू एका राजाची गोष्ट सांगतो. एका चाकराकडे राजाचे दहा हजार टॅलंट येणे असतात. आपण हे वाचतो आणि ‘बरंच कर्ज होतं’ असं म्हणून पुढे जातो. जरा थांबा, कागद-पेन्सिल घ्या. एक टॅलंट म्हणजे सुमारे 6,000 दीनार. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे कर्ज झालं 6 कोटी दीनार. हा चाकर मजुरीला गेला, एकही शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, न पाळता रोज राबला आणि पोटाला एक दमडी खर्च केली नाही, तरी हे कर्ज फिटायला त्याला 1 लाख 64 हजार वर्षं लागतील. जोसीफस हा पहिल्या शतकातला इतिहासकार सांगतो की हेरोद अंतिपा या तिथल्या शासकाला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला 200 टॅलंट मिळत. दोन प्रांतांचं पन्नास वर्षांचं उत्पन्न एका चाकराच्या अंगावर! आणि हा पठ्ठ्या राजापुढे लोटांगण घालून काय म्हणतो? ‘जरा दम धरा, सगळं फेडतो.’

गालीलातल्या ऐकणाऱ्यांमध्ये कोळी होते, शेतमजूर होते, जकातीपायी मेटाकुटीला आलेली माणसं होती. ‘सगळं फेडतो’ या वाक्याला ती हसली नसतील, यावर माझा विश्वास बसत नाही. आणि ते हसू ओठांवर असतानाच गोष्ट वळते. हाच माणूस बाहेर पडतो आणि शंभर दीनार देणं लागणाऱ्या आपल्या सोबत्याची नरडी धरतो. तो बिचारा तेच शब्द बोलतो, ‘दम धरा, फेडतो.’ त्याचं मात्र खरं असतं. शंभर दिवसांची मजुरी फिटू शकते. हसू घशात अडकतं ते इथे. पहिल्या आकड्याला जो हसलाच नाही, त्याला दुसरा आकडा लागणार कसा? त्याच्या हातात फक्त ‘क्षमा करावी’ एवढं सुभाषित उरतं, आणि ते त्याला आधीच ठाऊक होतं.

मुलांना मी ही बेरीज-गुणाकार करायला लावतो. गणिताची कटकट असलेली मुलंसुद्धा इथे जीव लावून आकडेमोड करतात, कारण उत्तर हास्यास्पद येणार याचा त्यांना वास लागलेला असतो.

दुसरी गोष्ट द्राक्षमळ्याची. मालक पहाटे मजूर लावतो, एक दीनार ठरवून. मग नऊला आणखी काही, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाचला, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, शेवटचे. सगळ्यांना एकेक दीनार मिळतो. या गोष्टीवर प्रवचनं पुष्कळ ऐकली. देवाची कृपा, उदारता, सगळं बरोबर. पण सांगणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर तिची सगळी किल्ली एका छोट्या हुकमात आहे. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून वाटायला सुरुवात कर. नेहमीच्या क्रमानं वाटलं असतं तर पहाटेचे मजूर आपापला दीनार घेऊन सुखानं घरी गेले असते. पाचवाल्यांना किती मिळाले, हे त्यांना कळलंही नसतं. तंटा नाही, कुरकुर नाही, गोष्टही नाही. येशूनं त्यांना रांगेत शेवटी उभं केलं, पुढच्यांच्या हातावर पूर्ण दीनार पडताना पाहू दिलं, मनातल्या मनात हिशोब करू दिला की तासाला एक तर आपले बारा. आणि मग त्यांच्याही हातावर एकच. हा सांगणाऱ्याचा मुरब्बीपणा आहे. ही माणसं आपल्या डोळ्यांसमोर लोभी होतात आणि आपण त्यांच्या बाजूचे असतो.

एकदा ही गोष्ट सांगून झाल्यावर मागच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, ‘मग उद्यापासून सगळे पाचलाच येतील.’ वर्ग हसला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते शोधायलाही गेलो नाही. त्या मुलानं मळ्याच्या मालकाकडे एक व्यवहारी माणूस म्हणून पाहिलं होतं आणि त्याला तो वेडा वाटला होता. तो वेडा वाटणं ही गोष्ट समजल्याची पहिली खूण आहे. ज्यांना तो शहाणा, समंजस मालक वाटतो, त्यांनी गोष्ट नीट ऐकलेलीच नसते.

आता उधळ्या पुत्राची. ही सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ असणं हा गोष्टीचा सर्वांत मोठा शत्रू. म्हणून तिच्यातल्या दोनतीन जागा फक्त दाखवतो.

धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं उधळतो, डुकरं राखायची पाळी आल्यावर शुद्धीवर येतो आणि घरी गेल्यावर काय बोलायचं याची तालीम करतो. भाषणाचे तीन तुकडे आहेत: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यापुढे पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. वाटभर त्यानं ते घोकलं असणार. घराजवळ येतो, बाप धावत येऊन गळ्यात पडतो, मुलगा भाषणाला सुरुवात करतो. पहिला तुकडा होतो, दुसरा होतो, आणि तिसरा त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. बाप मध्येच चाकरांना हाका मारू लागतो, झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा. लूक या चरित्रकारानं तालमीचं भाषण आणि प्रत्यक्ष भाषण दोन्ही लिहून ठेवलंय. शेजारीशेजारी ठेवून वाचा. बापाला पश्चात्तापाचं भाषण पूर्ण ऐकण्यात रसच नाही. क्षमेबद्दल यापेक्षा जास्त काही सांगता येईल असं मला वाटत नाही, आणि तरी त्या जागी क्षमा हा शब्द आलेला नाही.

दुसरी जागा थोरल्या भावाची. तो शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, आत न जाता चाकराला विचारतो. मग बापावर भडकतो आणि म्हणतो, या तुमच्या मुलानं तुमची मालमत्ता कलावंतिणींवर उडवली. थांबा! हे याला कुणी सांगितलं? गोष्ट सांगणाऱ्यानं तर एवढंच म्हटलं होतं की धाकट्यानं चैनबाजीत पैसा उधळला. कलावंतिणींचा तपशील थोरल्यानं स्वतःच्या पदरचा घातलाय. भाऊ दूर देशी, हा शेतात, मध्ये काही निरोप नाही, आणि तरी याला सगळं ठाऊक! प्रत्येक घरात असा एक जण असतोच. मी ही जागा मोठ्यांच्या सभेत वाचतो तेव्हा लोक चटकन आपल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे पाहतात. स्वतःकडे पाहणारा विरळा.

आणि तिसरी जागा म्हणजे शेवट. बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो, हा तुझा भाऊ मेला होता, आता जिवंत झाला आहे. संपली गोष्ट. थोरला आत गेला का? सांगितलेलं नाही. जेवला का? भावाशी बोलला का? काही नाही. ज्या परूश्यांनी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, आणि शास्त्र्यांनी कुरकुर केली होती की हा पापी लोकांच्या पंगतीला बसतो, त्यांच्या समोर ही गोष्ट सांगितली गेली. शेवट त्यांच्या हातात दिला गेला. आता तुम्हीच ठरवा, आत यायचं की अंगणात उभं राहायचं. ज्याचा ऐकणाऱ्यावर विश्वास असतो, त्यालाच असा शेवट सोडून देता येतो.

आपल्याला मात्र ते जमत नाही. आपण गोष्ट संपली की लगेच विचारतो, तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो? पोरांना उत्तराचा साचा पाठ असतो. चांगलं वागावं, देवावर विश्वास ठेवावा, आईवडिलांचं ऐकावं. कुठल्याही गोष्टीला हे तात्पर्य चिकटवता येतं, मग ती नोहाची असो वा गल्याथाची. माझ्या मते हा प्रश्न विचारणं म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातातून गोष्ट काढून घेणं आहे. तात्पर्य असतं, नाही असं नाही. पण ते सांगणाऱ्याच्या खिशात राहू द्यावं. कुणी मागितलंच तर द्यावं.

मंदिरात प्रार्थनेला गेलेले परूशी आणि जकातदार आठवा. परूशी म्हणतो, देवा, मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर मुळीच नाही, म्हणून तुझे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो. इथे कुणी तात्पर्य काढलं की गर्व करू नये, आपण सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मनात म्हटलं, बरं झालं बाबा, आपण त्या परूश्यासारखे नाही. झालं! सापळा पडला, आणि आत कोण अडकलं? ही गोष्ट रचलीच अशी आहे की तिचं तात्पर्य काढणारा तिच्यात सापडावा. मला तर ती सांगताना दरवेळी हसू येतं, आणि ते हसू फारसं सुखाचं नसतं.

सापळ्याच्या गोष्टींचा घराणेदार उगम मात्र फार जुना, नाथान संदेष्ट्याचा, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याचा. दावीद राजानं उरिया या आपल्याच सैनिकाची बायको घेतली, उरियाला लढाईत मारवलं. आता राजाला तोंडावर कोण सांगणार? नाथान गेला आणि म्हणाला, एका गावात दोन माणसं होती, एक श्रीमंत, एक गरीब. गरिबाकडे मेंढीचं एकच कोकरू होतं. ते त्याच्या घासातला घास खायचं, त्याच्याच प्याल्यातून प्यायचं, त्याच्या कुशीत झोपायचं, पोटच्या मुलीसारखं. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्यानं आपली शेरडंमेंढरं सोडून गरिबाचं कोकरू कापलं. दावीद संतापला, तो माणूस मेलाच पाहिजे म्हणाला, आणि चौपट भरपाई ठोठावली. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. आपण ‘तूच तो’ या घावाचं कौतुक करतो. मला कौतुक वाटतं ते कोकराच्या त्या घासाचं आणि प्याल्याचं. दावीद लहानपणी मेंढपाळ होता. त्याच्या हातून निकाल लिहवून घ्यायला नाथानला तेवढा तपशील पुरला. जीव ओतून गोष्ट रंगवली नसती तर राजा सावध झाला असता.

बायबलच्या जुन्या करारात नुसत्या धमाल जागाही आहेत. बलाम नावाचा द्रष्टा गाढवीवर बसून निघतो. वाटेत देवदूत तलवार उपसून उभा. गाढवीला तो दिसतो, या द्रष्ट्याला दिसत नाही! ती तीनदा वाट सोडते, हा तीनदा तिला झोडपतो. शेवटी गाढवी बोलते, ‘मी तुझं काय केलं?’ आणि बलाम दचकत नाही. तो तिच्याशी वाद घालतो! ‘माझ्या हातात तलवार असती तर तुला ठार केलं असतं’ म्हणतो, तेही तलवारवाला समोर उभा असताना. गाढवी समजूतदारपणे विचारते, आजवर मी असं कधी वागले का? आणि त्याला म्हणावं लागतं, ‘नाही.’ ‘गणना’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातलं हे संभाषण ज्यानं तोंड वाकडं न करता वाचलं, त्यानं ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचावं, गाढवीचा आवाज काढून.

योनाचंही तसंच. देवानं त्याला निनवे या शत्रूच्या शहरात उपदेशाला धाडलं, तो पळाला, आणि त्याला माशानं गिळलं. त्याचं नाव काढलं की सगळ्यांना मासा आठवतो, पण चार अध्यायांच्या त्या पुस्तकात माशाच्या वाट्याला मोजकी वचनं आली आहेत. खरी गंमत पुढे आहे. योनाचं प्रवचन एका वाक्याचं: चाळीस दिवसांत निनवेचा नाश होईल. इतकं कोरडं प्रवचन, आणि ते फळतं मात्र असं की सगळं शहर उपास धरतं, राजा राखेत बसतो, आणि हुकूम काढतो की गुराढोरांनीही उपास करावा, त्यांच्याही अंगावर गोणताट घालावं. शोकाची वस्त्रं नेसलेल्या गाई! कुठल्याही उपदेशकाला धन्य वाटेल असं यश, आणि हा रुसून बसतो. देवाला सुनावतो की मला ठाऊकच होतं तू दयाळू आहेस, म्हणून तर मी तार्शीशला पळत होतो. शत्रूला क्षमा मिळाली याचं दुःख नाटकात उभं करावं तसं उभं केलंय. आणि या पुस्तकाचाही शेवट उघडा आहे. देव विचारतो, ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी 1,20,000 माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या या शहराची मला कीव येऊ नये का? योनाचं उत्तर नाही.

सांगण्याचा कंटाळा येतो ना? येतो. तीच गोष्ट, तेच प्रश्न. इ. स. 400च्या सुमारास कार्थेजच्या देवोग्रातियास नावाच्या एका डीकननं, म्हणजे चर्चमधल्या सेवकानं, हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्याकडे हेच गाऱ्हाणं केलं: नव्यानं श्रद्धेकडे येणाऱ्यांना तेच तेच सांगून माझं मलाच नीरस वाटतं. ऑगस्टीननं उत्तरादाखल एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात सिद्धान्त आहेतच, पण मला आवडतात त्या बारीकसारीक सूचना. ऐकणारा जांभया देऊ लागला तर काहीतरी गमतीचं किंवा आश्चर्याचं बोल. उभं राहून थकला असेल तर त्याला बसायला दे. आणि कंटाळ्यावर त्याचं औषध असं की आपण रोज ज्यांच्यावरून बेफिकीर जातो ती शहरातली देखणी ठिकाणं पाहुण्याला दाखवताना आपल्यालाही नव्यानं दिसतात, तसं ऐकणाऱ्यावर प्रेम असेल तर जुनी गोष्ट आपल्यालाही नवी होते. हिप्पोच्या बिशपनं आनंदानं सांगण्याला इतकं महत्त्व दिलं, हे मजा शब्द खटकणाऱ्यांच्या कानावर घालावंसं वाटलं.

आणि इटलीतल्या असिसीचा संत फ्रान्सिस! 1223च्या नाताळात ग्रेच्चो गावी त्यानं गव्हाणी मांडली, गवत आणलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. त्याचा चरित्रकार थॉमस चेलानो लिहितो की प्रवचनात ‘बेथलेहेम’ हा शब्द फ्रान्सिस मेंढरू बें बें करतं तसा उच्चारायचा, आणि बाळ येशूचं नाव घेताना गोडी चाखावी तशी ओठांवरून जीभ फिरवायचा. संत माणूस, भर रात्रीच्या उपासनेत, बें बें करतोय! कुणी नाक मुरडलं असेलही. आपल्याला आज आठवतं ते मेंढरू.

इथे एक प्रामाणिक शंका येते. तो बैल आणि ते गाढव शुभवर्तमानात नाहीत. लूकच्या जन्मकथेत गव्हाणी आहे, पण तिच्याजवळ जनावरं असल्याचा उल्लेख नाही. ती यशयाच्या पहिल्या अध्यायातून चालत आली. मत्तय मागी लोकांची, म्हणजे पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेल्या ज्ञानी माणसांची, संख्या सांगत नाही, देणग्या तीन म्हणून माणसं तीन झाली. ते राजे होते असंही तो म्हणत नाही. उतारशाळेत जागा नव्हती एवढंच लूक म्हणतो, आणि दरवर्षीच्या नाताळच्या नाटकात दारावरून हाकलणारा तो खडूस मालक आपण निर्माण केला. त्याचं काम मिळावं म्हणून मुलं भांडतात, कारण त्याला ओरडायला मिळतं. हे सगळं खोटं का?

मला नाही वाटत. गोष्ट तोंडातोंडी जगते तेव्हा तिला असे अंकुर फुटतातच. मात्र सांगणाऱ्याला माहीत असावं की कुठपर्यंत वचन आहे आणि कुठून आपली भर सुरू होते, आणि कुणी विचारलं तर सरळ सांगता यावं. जॉन बन्यन या इंग्रज उपदेशकानं बेडफर्डच्या तुरुंगात लिहिलेली यात्रेकरूच्या स्वप्नाची गोष्ट 1678 साली छापली, तेव्हा त्याच्या मित्रांत दोन तट पडले होते. काही म्हणाले छाप, काही म्हणाले छापू नकोस. कल्पित कथेतून धर्म सांगावा का, हीच कुरकुर. त्यानं उत्तर दिलं की पवित्र शास्त्रच रूपकांनी आणि दाखल्यांनी भरलेलं आहे. मला त्याचं उत्तर पटतं.

मला खोटेपणा दिसतो तो दुसरीकडे. आपल्या साक्षींमध्ये. साक्ष देणं ही फार सुंदर प्रथा. माणूस उभा राहून आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सांगतो. पण हळूहळू तिचा एक ठरीव नमुना झाला. पूर्वी मी फार वाईट होतो, मग अमुक दिवशी प्रकाश पडला, आता सगळं छान चाललंय. वाईटपणा वाढवून सांगायचा म्हणजे बदल उठून दिसतो. एकाच माणसाची साक्ष दरवर्षी ऐकली तर पहिल्या वर्षीची दोन बाटल्या दारू पुढे पिंपात मोजावी लागते. इथे मात्र मी मजा या शब्दाच्या विरुद्ध आहे. काल्पनिक गाढवीला बोलायला लावणं वेगळं आणि स्वतःच्या खऱ्या आयुष्याला रंग फासून देवाच्या नावावर खपवणं वेगळं. नववी आज्ञा खोट्या साक्षीबद्दल आहे, गोष्टींबद्दल नाही. मला ज्या साक्षी आठवतात त्या अर्धवट असतात. कुणी म्हणतं, प्रार्थना केली, आजार गेला नाही, भीती मात्र थोडी कमी झाली, का ते कळलं नाही. अशा साक्षीपुढे मी गप्प बसून ऐकतो.

रोजच्या श्रद्धेचं म्हणाल तर ती बहुतेक दिवस सपाटच असते. सकाळी उठून मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणताना अंगावर रोमांच येत नाहीत. कामाला जायचं, उशीर झालेला, कुणाशी तरी खटका उडालेला. अशा वेळी मला सिद्धान्त आठवत नाहीत, माणसं आठवतात. कुणाच्या चुकीची उजळणी मनात सुरू झाली की शेतातून आलेला थोरला भाऊ आठवतो, कलावंतिणींचा तपशील पदरचा घालणारा. आपलंच खरं म्हणून अडून बसलो की गाढवी वाट सोडते. पुष्कळदा हसू येतं, आणि हसू आलं की हट्ट थोडा ढिला होतो. ही प्रार्थना आहे का, मला माहीत नाही. प्रार्थनेच्या जवळपासचं काहीतरी असावं.

शेवटी बरेच जण विचारतात, मुलांना सांगायला सुरुवात कुठून करू? उत्पत्तीपासून करू नका, दमाल. लूकनंच लिहिलेलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक घ्या, बारावा अध्याय काढा. हेरोदानं पेत्राला तुरुंगात टाकलंय, दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडांनी बांधलाय. मार्क म्हटलेल्या योहानाच्या आईच्या घरी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करताहेत. रात्री देवदूत पेत्राला सोडवतो, आणि पेत्र थेट त्या घरी येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची एक मुलगी कानोसा घ्यायला येते, आवाज ओळखते, आणि इतकी आनंदते की दार न उघडताच आत पळते. पेत्र आलाय, दारात उभा आहे! आतली मोठी माणसं, जी याच गोष्टीसाठी गुडघे टेकून बसली होती, ती तिला म्हणतात, तुला वेड लागलंय. ती म्हणते, नाही हो, खरंच आहे. ते म्हणतात, त्याचा दूत असेल. आणि बाहेर, लूक न विसरता लिहितो, पेत्र ठोठावतच राहिला.

इथे सांगणाऱ्यानं टेबलावर ठोकायचं. आतल्यांचा वाद दोन्ही आवाजांत करायचा आणि मध्येमध्ये ठोकत राहायचं. वाद जरा लांबवायचा, घाई करायची नाही. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला कुणीतरी पोर जागेवरून उठून ओरडतंच, ‘अहो, दार उघडा ना!’